लेहमन ब्रदर्स : भाव पटला नाही, बँक गेली

रिचर्ड फुल्ड १९६९ मध्ये लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेत लागले आणि अख्खी कारकीर्द त्यांनी याच बँकेत काढली. १९९४ पासून ते प्रमुख होते. १९९८ मध्ये रशियाने कर्ज बुडवले तेव्हा ‘आता लेहमनचा नंबर’ अशी आवई उठली होती. बँक तरली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरलगतचे कार्यालय निकामी झाले, तेव्हा माणसे शेरेटन हॉटेलच्या खोल्यांतून काम करू लागली. बँक पुन्हा तरली. दोनदा मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा भीती वाटेनाशी होते. २००८ चा घटनाक्रम वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

२००७ : उलटी चाल
अमेरिकेतला गृहकर्जांचा बाजार डळमळू लागला, इतर बँका हात आखडता घेऊ लागल्या. लेहमनने मात्र खरेदी वाढवली. घबराटीच्या काळात धाडस केले की फळते, हा जुना अनुभव. मे महिन्यात एका भागीदारासोबत आर्कस्टोन या निवासी इमारतींच्या कंपनीचा सुमारे २२ अब्ज डॉलरचा सौदा ठरला. जोखमीवर लक्ष ठेवणाऱ्या मॅडेलिन अँटॉन्सिक यांना त्याच वर्षी पदावरून बाजूला करण्यात आले.

२८ मार्च २००८
बेअर स्टर्न्स ही वॉल स्ट्रीटवरची गुंतवणूक बँक कोसळून दोन आठवडे झालेत. फुल्ड गुंतवणूकदार वॉरेन बफे यांना फोन करतात. बफे पैसे घालायला तयार आहेत, पण ९ टक्के लाभांश मागतात. फुल्ड यांना अटी जड वाटतात. बोलणी तिथेच संपतात.

जून ते ऑगस्ट
२.८ अब्ज डॉलरचा तिमाही तोटा जाहीर होतो. शेअर बाजारात नोंद झाल्यापासूनचा हा पहिलाच. २८ डॉलर भावाने नवे शेअर विकून पैसे उभे केले जातात. शेअर पाडून नफा कमावणाऱ्या मंदीवाल्यांवर फुल्ड यांचा राग धुमसत असतो. डेव्हिड आइनहॉर्न या गुंतवणूकदाराने मे महिन्यातच लेहमनच्या हिशेबांवर जाहीर बोट ठेवले होते. त्या आकड्यांची शहानिशा करण्यापेक्षा बोट दाखवणाऱ्याला धडा शिकवण्याची भाषा जास्त झाली.

ऑगस्टमध्ये कोरिया डेव्हलपमेंट बँक दारात येते. तिचे प्रमुख पूर्वी लेहमनच्याच सोल कार्यालयाचे प्रमुख होते, म्हणजे गिऱ्हाईक घरचेच. तरीही भावावर आणि स्थावर मालमत्तेच्या डोकेदुखीवर घोडे अडते. २००७ च्या सुरुवातीला शेअर ८६ डॉलरला पोचला होता. तो आकडा डोळ्यांसमोर असणाऱ्याला समोरची कुठलीही बोली अपमानच वाटणार.

मंगळवार, ९ सप्टेंबर
कोरियाशी बोलणी संपल्याची बातमी येते. शेअर एका दिवसात ४५ टक्के पडून ७.७९ डॉलरवर बंद होतो. लेहमनचे व्यवहार सांभाळणारी जेपी मॉर्गन बँक ५ अब्ज डॉलरचे जादा तारण मागते.

बुधवार, १० सप्टेंबर, सकाळ
बाजार उघडण्याआधीच ३.९ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर होतो. खराब मालमत्ता वेगळ्या कंपनीत टाकू, गुंतवणूक व्यवस्थापनाचा धंदा विकू, अशी योजना मांडली जाते. हाताशी ४० अब्ज डॉलरहून अधिक रोखता असल्याचे सांगितले जाते. त्यातली बरीचशी आधीच तारणात अडकली आहे. दोन दिवसांनी चटकन मोकळी करता येईल अशी रक्कम २ अब्जांच्याही आत उरली होती, असे नंतरच्या चौकशीत निघाले.

गुरुवार, ११ सप्टेंबर
शेअर ४.२२ डॉलर. जेपी मॉर्गनला आणखी ५ अब्ज हवेत. आता अख्खी बँकच विकायला निघाली आहे. गिऱ्हाइके दोन : बँक ऑफ अमेरिका आणि ब्रिटनची बार्कलेज.

शुक्रवार, १२ सप्टेंबर, संध्याकाळ
न्यूयॉर्क फेडच्या, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या, लिबर्टी स्ट्रीटवरच्या इमारतीत वॉल स्ट्रीटच्या बड्या बँकांचे प्रमुख जमतात. सरकारी पैसा मिळणार नाही, असे अर्थमंत्री हँक पॉलसन बजावतात. लेहमनमध्ये मात्र बेअर स्टर्न्सला वाचवले तसे आपल्यालाही वाचवतील, ही आशा जिवंत आहे. ही दुसऱ्याच्या अनुभवावर काढलेली उधारी होती.

शनिवार, १३ सप्टेंबर
बँक ऑफ अमेरिकाने वह्या तपासल्या आणि काढता पाय घेतला. सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या मुख्यालयातून फुल्ड तिचे प्रमुख केन लुईस यांच्या घरी पुन्हा पुन्हा फोन लावतात. फोन घेतात त्या लुईस यांच्या पत्नी. साहेब फोनवर येत नाहीत.

त्याच दिवशी लुईस दुसऱ्या माणसाशी बोलत आहेत. मेरिल लिंच या बँकेचे प्रमुख जॉन थेन. मेरिलही अडचणीत आहे, पण थेन यांना तिथे येऊन वर्षही झालेले नाही. त्यांनी जुलैमध्येच ३० अब्जांचे खराब रोखे डॉलरमागे २२ सेंटने काढून टाकले होते. जुन्या वैभवाशी त्यांचे काही नाते नव्हते, म्हणून हात थरथरला नाही. ९४ वर्षांची मेरिल लिंच ते शनिवार-रविवारात शेअरमागे २९ डॉलरने विकून मोकळे होतात.

रविवार, १४ सप्टेंबर
सकाळी : बार्कलेज लेहमन घेणार, खराब मालमत्तेचा भार इतर बँका उचलणार, असे जुळत येते. तेवढ्यात लंडनचे नियामक अडून बसतात. बार्कलेजच्या भागधारकांचे मतदान झाल्याशिवाय लेहमनच्या व्यवहारांची हमी देता येणार नाही. सौदा मोडतो.

दुपारी २ : लेहमनशी असलेले आपसातले व्यवहार मिटवण्यासाठी बँकांना खास मुभा मिळते. मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आज अनंत चतुर्दशी. पवई तलावावर विसर्जनाची गर्दी आहे. लेहमनचे दोन हजारांहून अधिक लोकांचे कार्यालय तिथून जवळच आहे.

संध्याकाळी : न्यूयॉर्कच्या मुख्यालयातून माणसे खोकी, पिशव्या, भिंतीवरच्या फ्रेमा घेऊन बाहेर पडू लागतात.

सोमवार, १५ सप्टेंबर, पहाटे १.४५
न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल होतो. देणी ६१३ अब्ज डॉलर, बँकेचे वय १५८ वर्षे. पवईत तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजलेले असतात. त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक ५०४ अंकांनी पडला. पुढच्या महिन्यात पवईचे कार्यालय जपानच्या नोमुराने घेतले.

दोष एकट्या फुल्ड यांचा नाही. नियामक, पतमापन संस्था, लंडन आणि वॉशिंग्टन या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण शेवटच्या सहा दिवसांत फुल्ड यांच्या हाती ठरवण्यासारखे काही उरलेच नव्हते. ठरवायची वेळ मार्च ते ऑगस्ट ही होती, आणि तेव्हा निर्णय घेतले ते आठवणींनी आणि रागाने. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे फुल्ड यांनी जबाबदारी घेतली. मात्र तेव्हाच्या माहितीनुसार निर्णय योग्यच होते, असेही सांगितले. ती माहिती देणारी माणसे बाजूला कोणी केली, हा प्रश्न उरतोच.

दुकान असो, कारखाना असो की वडिलोपार्जित जमीन, पुढची बोली नाकारण्याआधी स्वतःला एकच विचारा : ही वस्तू आज माझी नसती, तर याच भावाला मी ती विकत घेतली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आलेले गिऱ्हाईक परत पाठवू नका.