राऊत नाच महोत्सव, बिलासपूर

छत्तीसगडच्या गुराख्यांच्या नाचाला मानाची शील्ड देणारी वार्षिक स्पर्धा. सुरुवात 1978 मध्ये, म्हणजे हा भाग मध्य प्रदेशात असताना झाली. डॉ. कालीचरण यादव हे तिचे दीर्घकाळचे संयोजक. लोकसंस्कृतीला वाहिलेल्या ‘मड़ई’ या पत्रिकेचे संपादनही त्यांनीच केले.

‘राऊत’ म्हटले की मराठी माणसाला आडनाव आठवते. इथे तो गावाची गुरे राखणारा यादव समाज आहे. दुर्ग-भिलाईकडच्या गावांत दिवाळीनंतर ‘मातर’ हा राऊतांचा उत्सव भरतो. गोवर्धनपूजेच्या सुमारास राऊत पळसाच्या मुळांच्या धाग्यांची ‘सोहई’ विणून गाईंच्या गळ्यात बांधतात. डोक्याला मोरपिसांचा फेटा, अंगात कवड्या जडवलेले जाकीट, पायात घुंगरू, एका हातात तेंदूची काठी आणि दुसऱ्या हातात ढालीसारखी ‘फरी’. मध्येच एकजण हात उंचावतो, गडवा बाजा थांबतो आणि तो दोहा म्हणतो. कबीर-तुलसीचे दोहे असतात, तिथल्या तिथे जुळवलेलेही. दोहा संपला की डफडा, निशान, टिमकी आणि मोहरी पुन्हा एकदम गर्जतात. या नाचाचा खरा जीव त्या क्षणभराच्या शांततेत आहे.

देवउठनी एकादशीनंतरच्या शनिवारी गावोगावची पथके बिलासपूरच्या लालबहादूर शास्त्री शाळेच्या मैदानावर येतात. शील्ड एकट्या नर्तकाला मिळत नाही, ती पथकाची असते आणि पथकाबरोबर गावी जाते.

अमेरिकेतही गुराख्याचा, तिथल्या काऊबॉयचा, असाच गौरव होतो. ओक्लाहोमा सिटीतील काऊबॉय संग्रहालय 1961 पासून वेस्टर्न चित्रपट, साहित्य आणि संगीताला घोडेस्वाराचा कांस्यपुतळा देते. वेस्टर्न लेखकांच्या संघटनेचे ‘स्पर’ पुरस्कार त्याहून जुने, 1953 पासूनचे. वेस्टर्नपटांतील कलावंतांचे ‘गोल्डन बूट’ 1983 मध्ये सुरू झाले आणि 2007 नंतर थांबले. तिथे बहुतेक वेळा सन्मान होतो तो गुराख्याची गोष्ट सांगणाऱ्याचा किंवा पडद्यावर गुराखी होणाऱ्याचा. बिलासपूरला मात्र ज्याच्या घरी गुरे राखण्याचा वारसा आहे, तोच शील्ड उचलतो. मोल याचे अधिक.

पूर्व विदर्भात गोवारींचे गायगोधन आणि ढालपूजन पाहिलेल्या वाचकाने एका कार्तिकात ही शनिवारची रात्र बिलासपूरच्या मैदानावर जरूर काढावी.