अँड सन्स, अँड ब्रदर्स, अँड कंपनी

दुकानांच्या पाट्या वाचायचा मला जुना नाद आहे. वडवणीच्या बाजारातून चक्कर मारली की दिसतातच. कुणी अमुक अँड सन्स, कुणी तमुक ब्रदर्स, तर कुणी फलाणे आणि कंपनी. यातल्या किती जणांची खरोखर 'कंपनी' असेल कुणास ठाऊक :) कारण खाजगी कंपनी असेल तर नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहावं लागतं. नुसतं 'आणि कंपनी' म्हणजे बहुतेक वेळा दोन भागीदार, किंवा एकटा मालक आणि त्याची हौस.

हे सगळं आठवायचं कारण आमचा भाचा. तो आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र मिळून वडवणीत लाकडी घाणा टाकताहेत. करडई आणि शेंगदाण्याचं तेल. मित्राची जागा आणि थोडं भांडवल, भाच्याची मेहनत आणि बँकेचं कर्ज. त्याने विचारलं, "मामा, नोंदणी कशात करू? प्रोप्रायटर, भागीदारी, एलएलपी, का प्रायव्हेट लिमिटेड?" घरातल्या वडीलधाऱ्यांचं उत्तर तयारच होतं. "आपल्याआपल्यात कसला कागद?"

फोनवर सांगण्यासारखं हे नाही. आणि ही यादी त्याला वाटते तशी एका रांगेत ठेवलेल्या चार डब्यांची नाही. प्रत्येक प्रकार वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून आला. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहूनच काढावं.

आपल्याकडे आधी होतं ते एकत्र कुटुंब. धंदा घराचा, कर्ता घरातला थोरला, आणि देणं सगळ्या घराचं. बापाचं कर्ज मुलाने फेडायचं हे धर्मकर्तव्य, असं नुसतं कीर्तनात सांगत नव्हते, कोर्टही मानत असे (जुगारबिगारासाठी काढलेलं कर्ज सोडून). हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती थेट २००५ साली झाली. ९ सप्टेंबर २००५ नंतर बापाने काढलेल्या कर्जासाठी केवळ या कर्तव्याच्या जोरावर मुलाकडे वसुली करता येत नाही. वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतं देणं राहतं, ते वेगळं. म्हणजे 'अँड सन्स' या पाटीत अगदी परवापरवापर्यंत अर्धी धमकीच होती म्हणायची!

दुसरा प्रकार भागीदारी. याचा भारतीय कायदा १९३२ चा. पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचे कायदे वेगळे, नाणं वेगळं, सनसुद्धा फसली. कंपन्यांचा कायदाही हैदराबादचा स्वतःचा होता, १३२० फसलीचा, म्हणजे इसवी सन १९१०-११ च्या सुमाराचा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, तरी भागीदारीचा आणि कंपन्यांचा भारतीय कायदा इथे लागू झाला तो १ एप्रिल १९५१ पासून. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याला जो कायदा १९३२ पासून ठाऊक होता, तो आपल्याकडच्या आडत्याला जवळजवळ वीस वर्षं उशिरा भेटला.

या कायद्यातल्या तीन गोष्टी भाच्याने पाठच कराव्यात. पहिली, प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार. निम्म्या नाही, सगळ्या. मित्राने फर्मच्या नावावर उधारीत शेंगदाणा उचलला तर व्यापारी भाच्याच्या दारात उभा राहू शकतो. दुसरी, करारात काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा दोघांत सारखा, आणि रोज घाण्यावर राबणाऱ्याला पगार मागायचा हक्क नाही. "समजून घेऊ" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी कायदा अशा स्वतःच ठरवून टाकतो. तिसरी, नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर करारातल्या हक्कासाठी फर्मला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. भागीदारालाही फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर लावता येत नाही. मूळ कायद्याने एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. फर्म मोडा, हिशोब द्या, एवढं तरी बिननोंदणीच्या भागीदाराला मागता येत असे.

महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने ती खिडकीच बंद केली. लोकांनी नोंदणी करावी हा हेतू. फर्म नोंदलेली नसेल तर हिशोबसुद्धा मागता येणार नाही, असं कलम ६९ मध्ये घातलं गेलं. मेलेल्या भागीदाराच्या वारसांना आणि अगदी लहान फर्मना सूट होती. जिवंत भागीदाराला नाही.

आमच्याच नात्यातली गोष्ट सांगतो, नावं नकोत. दोघे साडू, मिळून आडत दुकान. कागद नाही, कारण साडूसाडूंत कसला कागद? नव्वदच्या दशकात कुरबुर झाली. वह्या आणि किल्ल्या एकाकडे, दुसऱ्याकडे फक्त आठवणी. हा दुसरा वकिलाकडे गेला, तर वकिलाने सरळ सांगितलं की फर्म नोंदलेली नाही, महाराष्ट्रात हिशोबाचाही दावा चालायचा नाही. शेवटी चार वडीलधारी बसले आणि वह्या ज्याच्या हातात त्याने जे दिलं ते याने घेतलं. दोघी बहिणी त्यानंतर एकमेकींच्या घरी हळदीकुंकवालाही गेल्या नाहीत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राची ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. माणसाला त्याच्याच मालमत्तेवर पाणी सोडायला लावणारी शिक्षा अवाजवी आहे, असा त्याचा मथितार्थ. निकाल चांगलाच, पण आमच्या माणसाला त्याचा काय उपयोग? असो.

तिसरा प्रकार कंपनी. भारतात मर्यादित जबाबदारीची कंपनी १८५७ च्या कायद्याने आली. आपण घातले तेवढे पैसे बुडतील, पण घरदार जाणार नाही, ही कल्पना तेव्हा नवीनच होती. लंडनच्या आरन सॉलोमन या बूट बनवणाऱ्याने १८९२ मध्ये आपला चालता धंदा कंपनीत घातला. सात सभासद लागत, म्हणून स्वतः, बायको आणि पाच मुलं. २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याचेच! कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, हा तर तोच माणूस, नुसता टोपी बदलून आलेला. पण १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. जगभरच्या कंपनी कायद्यात आजही या निकालाचा दाखला देतात.

आपल्याकडचं उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या भावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि 'किर्लोस्कर ब्रदर्स' लिमिटेड कंपनी झाली १९२० साली. बत्तीस वर्षं धंदा आधी, कंपनी नंतर. पाटीवरचे 'ब्रदर्स' मात्र तसेच राहिले. कंपनी काढायची घाई झालेल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

सहकाराचं काय, असंही कुणी विचारेल. लोणीच्या प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून, आणि 'एका माणसाला एक मत' या तत्त्वावर. पण तो शेकडो सभासदांचा मामला. दोन दोस्तांच्या घाण्याला तो अंगरखा ढगळ होईल.

दोघांसाठी जो नवा सदरा शिवला तो एलएलपीचा. कायदा २००८ चा, अंमल २००९ पासून. भागीदारीसारखा आपसातला करार, आणि कंपनीसारखी मर्यादित जबाबदारी. दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात. पण उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर या कायद्याखाली ऑडिटची सक्ती नाही. प्रायव्हेट कंपनीला मात्र पहिल्या वर्षापासून ऑडिट. तिला पूर्वी किमान एक लाख भांडवल लागे, ती अट २०१५ मध्ये गेली. तरी वर्षाचा कागदाचा खर्च काही गेला नाही.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. उद्यम नोंदणी (१ जुलै २०२० पासूनची), शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, तेलासाठी लागणारी अन्न सुरक्षेची नोंदणी, हे सगळं आपापल्या जागी असलं तरी यातल्या कशानेही धंद्याला वेगळं अस्तित्व मिळत नाही. चारही कागद फ्रेम करून लावले तरी प्रोप्रायटर तो प्रोप्रायटरच, आणि देणं त्याच्या घरापर्यंत. दुसरं म्हणजे बँक. एलएलपी असो की कंपनी, लहान धंद्याला कर्ज देताना बँक बहुधा मालकांची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. सॉलोमनला वाचवणारी भिंत आपण स्वतःच्या हाताने पाडतो. तेवढी सही तरी वाचून करावी.

माझा सल्ला? आज दोघांनी भागीदारीचा करार लिहावा आणि तो निबंधकाकडे नोंदवावा. कोण किती पैसे घालणार, राबणाऱ्याला महिन्याला किती, उधारी कुणाच्या सहीने, आणि एक जण बाहेर पडला किंवा गेला तर यंत्र कुणाचं, जागा कुणाची, हिशोब किती दिवसांत, हे सगळं त्यात असावं. मेल्याबिल्याची भाषा अशुभ वाटते, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्मच संपते. उधारीवर माल उचलायची वेळ आली की एलएलपी करावी. कंपनीची घाई नको.

वडीलधाऱ्यांना मात्र हात जोडून एवढंच सांगायचंय. विश्वास नाही म्हणून कागद करायचा, असं तुम्ही समजता. पण ज्यांचा एकमेकांवर विश्वास आहे ती ही दोनच माणसं. उद्या ज्यांना हिशोब विचारावा लागेल त्यांच्या बायकांनी आणि पोरांनी तो विश्वास पाहिलेला नसेल. त्यांच्या हातात काय असणार? किल्ली ज्याच्याकडे त्याची मर्जी, नाहीतर हा कागद.