अंगणातला परदेशी चाफा

दिनदर्शिकेवरील जपानी मेपलची तांबडी, नाजूक पाने पाहून 'असे ठेंगणे झाड आपल्या दारी लावता येईल का?' असा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबे आम्हांस विचारतात. मेपल हा थंड, दमट हवेतला. मलकापूर-खामगावच्या उन्हात त्याची पाने करपतील. परंतु तसेच ठेंगणे, शोभिवंत झाड आपल्या अंगणांत पूर्वीपासून आहे. ते म्हणजे पांढरा चाफा.

आपण त्याला देवचाफा म्हणतो, देवळापाशी व दफनभूमीत लावतो. तरी तो मूळचा येथला नव्हे. त्याची जन्मभूमी मेक्सिको व मध्य अमेरिका. त्याचे शास्त्रीय नाव 'प्लुमेरिया' हे शार्ल प्लुमिए या फ्रेंच व्रतस्थाच्या स्मरणार्थ आहे. मिनिम संघाच्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६८९ ते १६९७ या काळात तीनदा कॅरिबियन बेटांचा प्रवास करून तेथील वनस्पतींची चित्रे काढली. चौथ्या प्रवासाच्या तयारीत असताना १७०४ साली स्पेनमध्ये त्याचे निधन झाले. लिनियसने १७५३ साली हे नाव कायम केले.

येथे एक गंमत आहे. या परक्या झाडाला आपण आपल्या सोनचाफ्याचे नाव दिले. आणि आपला सोनचाफा आज शास्त्रात 'मॅग्नोलिया' कुळात गणला जातो. 'मॅग्नोलिया' हे नाव १७०३ साली याच प्लुमिएने प्रचारात आणले! मग परके कोण आणि आपले कोण?

आपल्याकडे पांढऱ्या चाफ्याला शेंगा क्वचितच धरतात. तो वाढतो तो फांदीवरून. म्हणजे अंगणातला जवळजवळ प्रत्येक चाफा कोणीतरी कोणाला तरी दिलेला आहे. समुद्रापलीकडून आपल्या दारापर्यंत तो असा हातोहात आला. त्या हातांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

चैत्र-वैशाखात हातभर फांदी कापावी; तिचा चीक डोळ्यांस लागू देऊ नये. आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकू द्यावा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून बूड कुजते, म्हणून खड्ड्यात मुरूम व वाळू मिसळावी आणि पाणी बेताने घालावे. हिवाळ्यात पाने गळाली म्हणून झाड वाळले असे समजून ते तोडू नये. उन्हाळ्यात ते पुन्हा फुलते.

आणि झाड मोठे झाले की एक फांदी शेजाऱ्यास द्यावी. आपल्यालाही ती अशीच मिळाली आहे.