सुतळीएवढी वाट : क्रोन रोग, क्षय आणि पोटाची छायाचित्रे

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ साली चौदा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, जाड होतो, अरुंद होतो. आणि तो क्षय नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन होते. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली, म्हणून रोगाला नाव क्रोनचे मिळाले. इतिहासात बारसे असेही होते.

दोनच वर्षांनी कँटर या वैद्याने या रोगातील एक ठळक क्ष-किरण खूण वर्णन केली. रुग्णाला बेरियम पाजून छायाचित्र काढले की रोगग्रस्त आतड्यातून बेरियमची जेमतेम सुतळीएवढी रेघ उतरताना दिसे. खूण नेमकी होती, पण तिच्यात एक उणीव होती. बेरियम आतड्याची पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही. वाट सुजेमुळे अरुंद झाली असेल तर औषधाने ती मोकळी होण्याची आशा असते. व्रण भरून घट्ट तंतू झाले असतील तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. सुतळी दोन्हीकडे सारखीच.

भारतात अडचण दुहेरी होती. आतड्याचा क्षय नेमका त्याच जागी, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी बसतो. स्टीर्लिन याने १९११ सालीच क्षयग्रस्त सांध्याची क्ष-किरण खूण नोंदवली होती. म्हणजे त्या जागेवर क्षयाचा हक्क क्रोनच्या आधीचा.

त्या काळी रायपूर हे मध्य प्रांतातले जिल्ह्याचे ठिकाण. आज चौबे कॉलोनीत ज्याची वास्तू आहे ते महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे. शहरात वैद्यकीय महाविद्यालय यायला १९६३ उजाडावे लागले; नागपूरचे महाविद्यालय १९४७ सालचे, पण ते सुमारे तीनशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी ताप, पोटदुखी आणि वजनातील घट घेऊन आलेल्या माणसाला क्षय ठरवणे स्वाभाविक होते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असे.

चूक झाली तर मात्र किंमत मोठी. क्रोनच्या रुग्णाला महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते, पू साठतो, भगंदर फुटते. उलट क्षयाच्या रुग्णाला क्रोन समजून स्टिरॉइड दिले तर क्षय शरीरभर पसरू शकतो. १९७२ साली दिल्लीच्या टंडन व प्रकाश यांनी काढलेल्या आतड्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या दोन रोगांतील भेद मांडला. पण त्यासाठी आतडे आधी कापून हाती यावे लागे.

कापण्याआधी भिंत पाहण्याची सोय सीटी स्कॅनने केली. हाउन्सफील्डच्या यंत्रात पहिला रुग्ण १९७१ साली झोपला. तेव्हा मेंदू पाहायचा होता, पोटाची पाळी नंतर आली. आता भिंतीची जाडी, बाहेर साठलेला पू, दोन आतड्यांना जोडणारी चोरवाट हे सारे दिसू लागले. क्षयात मध्यभागी काळपट, सडलेल्या गाठी दिसतात. क्रोनमध्ये आतड्याचा लांब पट्टा धरलेला असतो आणि त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फणीच्या दातांसारख्या उभ्या राहतात. हे फणीचे चिन्ह १९९५ साली नोंदले गेले.

मुंबईतील डॉ. दीपक अमरापूरकर यांनी २००८ साली सहकाऱ्यांसह याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केले : क्षय सर्वत्र असलेल्या देशात क्रोन ओळखावा कसा? लक्षणे, दुर्बीण, छायाचित्रे, तुकड्याची तपासणी या सर्वांची त्यांनी दोन्ही गटांत तुलना केली. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील पुरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्सच्या चमूने पोटातील आतली चरबी आणि त्वचेखालची चरबी यांचे सीटीवरील गुणोत्तर भेदासाठी वापरता येते, असे दाखवले. क्रोनमध्ये आतली चरबी तुलनेने जास्त असते. चरबी साक्षीदार होईल असे बेरियमच्या काळात कोणाला वाटले नसते.

भगंदराच्या वाटा शोधण्यात एमआरआय सरस ठरला, आणि त्यात किरणोत्सर्ग नाही. हा रोग पुष्कळदा ऐन तारुण्यात सुरू होतो व छायाचित्रे जन्मभर काढावी लागतात, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. सोनोग्राफीही त्याच कारणाने पुढे येत आहे. मात्र गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली तिच्या यंत्राची नोंदणी लागते, त्यामुळे दवाखान्यात ती सहज ठेवता येत नाही.

रायपूरच्या टाटीबंधला २०१२ साली एम्स सुरू झाले. चौबे कॉलोनीतल्या रुग्णाला आता नागपूरची गाडी पकडावी लागत नाही. तरी कँटरच्या सुतळीमागचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. सूज आणि तंतू अनेकदा एकाच भिंतीत एकत्र असतात, आणि त्यांचे प्रमाण खात्रीने सांगणारे छायाचित्र अजून कोणत्याही यंत्रातून निघत नाही.