फिफा : बोटीच्या भाड्यापासून तिकिटाच्या बोलीपर्यंत

घेतलेलं तिकीट दुसऱ्याला विकायचं म्हटलं तरी जी संस्था आज विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून दलाली कापते, तिची पहिली विश्वचषक स्पर्धा पाहुण्यांचा खर्च यजमानाने उचलला म्हणून पार पडली. साल १९३०, देश उरुग्वे. युरोपातून माँटेव्हिडिओला जायला समुद्रावर दोन आठवडे लागत, आणि इतके दिवस खेळाडूंना कामावरून सोडायला मालक तयार नसत. उरुग्वेने प्रवास आणि मुक्काम दोन्ही आपल्या अंगावर घेतले, तरी युरोपातून चारच संघ निघाले. रुमानियाच्या खेळाडूंना रजा मिळावी म्हणून खुद्द राजा कॅरोलला शब्द टाकावा लागला. फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानिया ‘कॉन्ते व्हेर्दे’ या एकाच बोटीवर होते. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमेही चषक सामानात घेऊन त्याच बोटीने गेले.

संस्था तेव्हा सव्वीस वर्षांची होती. २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांच्या प्रतिनिधींनी ती स्थापन केली, रोबेर गेराँ पहिले अध्यक्ष झाले. फुटबॉलचं माहेर इंग्लंड, पण ते या सातांत नव्हतं. आपापसातले मानपान पहिल्या दिवसापासूनच होते म्हणायचे.

राजकारण काही नंतर शिरलेलं नाही. १९३४ची स्पर्धा मुसोलिनीच्या इटलीत झाली. आपल्याकडे युरोप आला नाही याचा राग धरून जगज्जेता उरुग्वे तिकडे फिरकलाच नाही. १९७३ साली चिलीतल्या लष्करी उठावानंतर सँटियागोच्या ज्या मैदानात कैदी कोंडले गेले होते, तिथे पात्रता सामना खेळायला सोव्हिएत संघाने नकार दिला. फिफाने मैदान बदललं नाही. चिलीचे खेळाडू रिकाम्या अर्ध्या मैदानातून चेंडू नेत गेले आणि त्यांनी समोर कोणी नसताना गोल केला. प्रेक्षक मात्र हजर होते. त्यांनी नेमकं काय पाहिलं म्हणायचं?

भारताची आणि या स्पर्धेची गाठ १९५०मध्ये पडता पडता राहिली. गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्याने आपण न खेळताच पात्र ठरलो होतो. अनवाणी खेळायला बंदी होती म्हणून गेलो नाही, ही कथा आजही रंगवून सांगितली जाते. पण खर्चाची अडचण म्हणावी, तर त्याचा मोठा वाटा उचलायची ब्राझीलची तयारी होती, आणि आपल्या महासंघाने त्या वेळी दिलेली कारणं म्हणजे संघनिवडीतले मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. त्याच स्पर्धेच्या निर्णायक सामन्याला रिओच्या माराकाना मैदानावर नुसते तिकीट काढून आलेलेच १,७३,८५० लोक होते. उभ्याने सामना पाहायची स्वस्त जागा हा त्या मैदानाचा प्राण होता.

१९७४मध्ये ब्राझीलचे ज्यांव आव्हेलांज अध्यक्ष झाले आणि आदिदास, कोका-कोला, दूरचित्रवाणी या वाटेने संस्थेचा हिशोबच बदलला. त्याचा फायदा पुण्याच्या हडपसरलाही झाला, हे कबूल करायला हवं. १९८६ची स्पर्धा मेक्सिकोत भर दुपारच्या उन्हात खेळवली गेली, कारण युरोपला ती संध्याकाळी टीव्हीवर हवी होती. खेळाडूंनी तक्रार केली, कोणी ऐकली नाही. मेक्सिकोचे दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. हडपसरचा मगरपट्टा तेव्हा शेतीच होता. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी गर्दी, आणि दूरदर्शनवर माराडोना. फुकट. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचं अर्जेंटिनाप्रेम तिथलं आहे. कोल्हापुरात तालमींच्या गल्ल्यांतून विश्वचषकाच्या महिन्यात आजही जे निळे-पांढरे आणि पिवळे झेंडे लागतात, त्यांतल्या निळ्या-पांढऱ्यांचं मूळही बहुधा तिथेच सापडेल.

मग एकदाची ही संस्था आपल्या दाराशी आली. ऑक्टोबर २०१७मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम त्याचं एक मैदान होतं. हडपसरहून द्रुतगती मार्गाने गेलं तर सकाळी निघून सामना पाहून रात्री घरी. स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, राज्यभर एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम झाला, शाळाशाळांत चेंडू पोचले. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला मुलगा. स्पर्धेला एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक आले, त्या वयोगटातला तोवरचा उच्चांक. एवढ्या मोठ्या आकड्याचं कारण फार गहन नाही. तिकीट परवडत होतं आणि व्हिसा लागत नव्हता.

पुढचा फेरा इतका सरळ नव्हता. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. मुदत संपूनही निवडणूक होईना, तेव्हा मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली. त्याला बाहेरचा हस्तक्षेप ठरवून फिफाने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता, त्याला न खेळता परतावं लागलं. ऑक्टोबरमध्ये भारतात ठरलेला सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही हातातून जाणार असं दिसत होतं. अकरा-बारा दिवसांत निलंबन उठलं आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. पटेलांच्या खुर्चीचं भांडण, न्यायालयाचा आदेश, फिफाचा दंडुका, यातल्या कशाशीही तिकीट काढणाऱ्याचा संबंध नव्हता. सामना होणार की नाही ही काळजी मात्र त्याच्या वाट्याला आली.

राजकारण चालणार नाही म्हणणाऱ्या याच संस्थेने ५ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना स्वतःचा नवाकोरा शांतता पुरस्कार दिला. न्यायालयाने नेमलेली समिती म्हणजे हस्तक्षेप, आणि हा नुसता पाहुणचार. नियम कुठे वाकतो हे पाहायला एवढी दोन वर्षं शेजारी ठेवली तरी पुरे.

आता २०२६. ४८ संघ, १०४ सामने, अमेरिका, कॅनडा, मेक्सिको. यजमानपद मागताना दिलेल्या कागदांत अंतिम सामन्याचं सर्वांत महाग तिकीट १,५५० डॉलर होतं. डिसेंबर २०२५मध्ये चाहत्यांच्या वाट्याची तिकिटं जाहीर झाली तेव्हा अंतिम सामन्याचं सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलर निघालं, म्हणजे पावणेचार लाख रुपयांच्या घरात. मागणी वाढली की दर वाढणार, ही पद्धत विमानकंपन्यांकडून उचललेली. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेने याला विश्वासघात म्हटल्यावर घाईघाईने ६० डॉलरची काही तिकिटं काढली गेली. ती पात्र ठरलेल्या देशांच्या महासंघांमार्फत, त्यांच्या निष्ठावान चाहत्यांसाठी. भारत पात्र नाही, तेव्हा हडपसरच्या माणसाला त्या रांगेत जागाच नाही. त्याच्यासाठी खुली विक्री, नाहीतर पुनर्विक्री. अमेरिकेतल्या सामन्यांसाठी तिथे फिफा दोन्ही बाजूंनी १५-१५ टक्के घेते.

गंमत अशी की अंतिम सामना न्यू जर्सीत आहे. मगरपट्टा सायबरसिटीत काम करणाऱ्याला न्यू जर्सी परका नाही. कोणाचा तरी मावसभाऊ तिथे असतोच, राहण्याजेवण्याचा प्रश्न मिटतो. पण मावसभावाच्या घरापर्यंत पोचायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीची खिडकी ओलांडावी लागते. तिकीट असलेल्याला मुलाखतीची तारीख लवकर देण्याची सोय केली आहे, व्हिसाची हमी मात्र नाही. म्हणजे आधी लाखांत तिकीट घ्यायचं, मग १८५ डॉलर परत न मिळणारं शुल्क भरायचं, आणि मग मुलाखतीत काय होतंय ते पाहायचं. तरी आपण बरे. इराण आणि हैतीचे संघ पात्र ठरले, खेळाडूंना अमेरिकेच्या प्रवेशबंदीतून सूटही मिळाली. ती सूट त्यांच्या प्रेक्षकांना नाही.

याआधी कतारमध्ये, २०२२ला, दोह्यात राहणाऱ्या मराठी माणसाला गटसाखळीचं तिकीट ४० रियालला मिळू शकत होतं, हजार रुपयांच्या आत. त्या स्पर्धेबद्दल जगाने पुष्कळ प्रश्न विचारले, मजुरांच्या हालांचे तर विचारायलाच हवे होते. पण तिथल्या रहिवाशासाठी वेगळा स्वस्त दर ठेवता येतो, एवढं तिथे दिसलं. २०३४ची स्पर्धा सौदी अरेबियाला गेली आहे. ११ डिसेंबर २०२४ रोजी ऑनलाइन सभेत टाळ्या वाजवून, कारण दुसरा उमेदवारच नव्हता. हडपसरहून रियाध न्यू जर्सीपेक्षा पुष्कळ जवळ. दर काय ठेवणार आणि आत कोणाला सोडणार, हे तेव्हाच्या सरकारवर आणि फिफाच्या मागणी-पुरवठ्यावर.