फुकटची उठाठेव : ‘फ्यूचर क्रू’च्या प्रारंभकाळाची कथा

डिसेंबर उजाडला की पनवेल परिसरातील आपल्या वसाहतींत मुलांची एक निराळीच लगबग सुरू होते. कुणाच्या तरी जिन्याखाली गोणपाट, पेंढा, लाल माती आणि गतवर्षीच्या दिव्यांची माळ जमा होते. एक जण डोंगर रचतो, दुसरा झऱ्याचे पाणी फिरते ठेवण्याची खटपट करतो, तिसरा ताऱ्यातला दिवा उघडझाप कसा करील याचा विचार करीत बसतो. रात्री अकराला आईची हाक येते, “अरे, सहामाहीचे गुण पाहिलेस ना? ही फुकटची उठाठेव पुरे!” तरीही गव्हाण पूर्ण होते, स्पर्धेचे परीक्षक येऊन पाहून जातात आणि जानेवारीत सारे मोडून कोपऱ्यात ठेवले जाते. शेजारची मुले दिवाळीत मातीचे किल्ले बांधतात, त्यांचीही हीच कथा. पैशाची प्राप्ती शून्य. पण त्या पंधरा दिवसांत मुलांच्या हातांना आणि बुद्धीला जे वळण लागते त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

अशाच एका फुकटच्या उठाठेवीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. ती घडली दूर फिनलंड देशात, आणि मातीच्या जागी तेथे होता घरातला संगणक.

घरातला संगणक

१९८२ साली अमेरिकेतील कमोडोर कंपनीने ‘कमोडोर ६४’ नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. दिसावयास तो जाड्या कळफलकासारखा. पडद्याचे काम घरचाच दूरदर्शन संच करी. त्याची स्मृती अवघी ६४ किलोबाइट, रंग सोळा, आणि आवाजासाठी एक स्वतंत्र चिप, जिच्यातून एका वेळी तीन स्वर निघत. आजच्या साध्या मोबाइल फोनपुढे हे यंत्र खेळणेच वाटावे. परंतु युरोपातील मध्यमवर्गीय घरांत ते शिरले आणि मुलांच्या खोलीत जाऊन बसले. फिनलंडमध्ये तर त्याची जाहिरातच ‘प्रजासत्ताकाचा संगणक’ या नावाने होत असे. सुमारे पन्नास लाख वस्तीचा तो देश. हिवाळा लांब, दुपारीच अंधार पडणारा. बाहेर खेळण्याची सोय नाही, अशा वेळी मुलांनी त्या कळफलकाशी मैत्री केली यात नवल नाही.

आरंभ मात्र फारसा अभिमानास्पद नव्हता. खेळांच्या कॅसेटी आणि फ्लॉपी महाग असत आणि त्यांची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या त्यांना एक प्रकारचे कुलूप घालीत. युरोपभरच्या काही हुशार पोरांनी ही कुलपे उघडण्याचा उद्योग आरंभिला. कुलूप उघडले की खेळाच्या प्रारंभी ती आपल्या टोळीचे नाव झळकवीत: सरकती अक्षरे, थोडे संगीत, मित्रांना नमस्कार आणि प्रतिस्पर्ध्यांना टोमणा. माल दुसऱ्याचा, सही आपली. ही चोरीच होती, आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही.

परंतु पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. सही अधिकाधिक देखणी करण्याची चढाओढ लागली आणि ती इतकी वाढली की काही मुलांना तो चोरलेला खेळ नकोसाच झाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती नुसतीच सही वाटू लागली. या स्वतंत्र सहीला नाव पडले ‘डेमो’. आता त्यात दुसऱ्याचे काहीच नव्हते. चित्र आपले, संगीत आपले, आज्ञावली आपली. जी कला चोरीच्या पाठीवर बसून आली ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

पाढ्यांची युक्ती

डेमो म्हणजे चित्रपट नव्हे. चित्रपटातील दृश्ये आधीच टिपून ठेवलेली असतात. डेमोतील प्रत्येक दृश्य यंत्र त्या क्षणी हिशेब करून रेखाटते. ध्वनिमुद्रिका आणि समोर बसून केलेले वादन यांत जो भेद, तोच येथे.

या वादनाचा ताल मोठा कडक. युरोपातील दूरदर्शन संच सेकंदाला पन्नास चित्रे रंगवी. म्हणजे पुढचे चित्र तयार करावयास अवधी एका सेकंदाचा पन्नासावा भाग. तेवढ्या वेळात कमोडोरच्या प्रोसेसरचे १९,६५६ ठोके पडत आणि साध्यातल्या साध्या आज्ञेलाही किमान दोन ठोके खर्ची पडत. शिवाय त्या प्रोसेसरला गुणाकार येतच नव्हता. त्याला केवळ बेरीज, वजाबाकी आणि अंक सरकवणे ठाऊक. मग गोल फिरणारी, लाटेसारखी डोलणारी आकृती काढावी कशी?

आपल्या आजोबांना याचे उत्तर चटकन सुचले असते. जुन्या मराठी शाळेत मुलांकडून पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकून घेत, ती कशासाठी? बाजारात उभ्या उभ्या साडेतीनाचा गुणाकार करीत बसावे लागू नये म्हणून. उत्तर आधीच मुखोद्गत, वेळ आली की नुसते उचलावयाचे. त्या मुलांनी नेमके हेच केले. वर्तुळाच्या व लाटांच्या गणिताची कोष्टके आधीच सिद्ध करून यंत्राच्या स्मृतीत भरली आणि ऐन वेळी त्यांतून अंक उचलले. यंत्र दुबळे होते म्हणूनच मुलांना गणित शिकावे लागले.

टोळी जमते

‘फ्यूचर क्रू’ ही फिनलंडमधील अशीच एक टोळी. १९८६ साली ती कमोडोर ६४ वर काम करणाऱ्या मुलांतून उभी राहिली आणि दोनेक वर्षांत तिने वाट बदलून पीसी, म्हणजे कचेरीत वापरला जाणारा संगणक, हाती घेतला. त्या काळी हा निर्णय वेडेपणाचा वाटण्याजोगा होता. चित्र आणि संगीत यांसाठी नावाजलेले यंत्र होते कमोडोरचेच ‘अमिगा’. पीसी बिचारा हिशेबाच्या वह्या सांभाळणारा कारकून, आणि त्याच्या कंठातून निघे तो केवळ ‘बीप’. परंतु जेथे काहीच आयते नव्हते तेथे सारेच स्वतः बांधावे लागणार होते, आणि या मुलांना तेच हवे होते.

या मंडळींची टोपणनावे असत. ‘साय’ म्हणजे सामी तम्मिलेहतो, टोळीतील प्रमुख आज्ञावलीकार. पीसीवर संगीत रचण्यास साधन हवे म्हणून त्याने ‘स्क्रीम ट्रॅकर’ नावाची आज्ञावली लिहिली. पुढे जगभरच्या हौशी रचनाकारांनी ती वापरली. ‘पर्पल मोशन’ म्हणजे योन्ने वाल्टोनेन आणि ‘स्कॅव्हन’ म्हणजे पीटर हायबा हे संगीताचे मानकरी. ‘गोर’ या नावाने वावरणारा सामुली स्युव्हेहुओको टोळीचा ‘स्टारपोर्ट’ नावाचा बुलेटिन बोर्ड चालवी. टेलिफोनच्या तारेवरून इतरांचे संगणक त्याला जोडले जात आणि नव्या कृती उतरवून घेत.

१९९२ साली ‘फ्यूचर क्रू’ने ‘कॉम्प्लेक्स’ आणि ‘रेबेल्स’ या दोन अमिगा टोळ्यांना सोबत घेऊन काउनिआइनेन या गावी एक मेळावा भरवला. त्याचे नाव ‘असेंब्ली’. संगणक पाठुंगळीस मारून मुले आली, मोठ्या पडद्यावर एकमेकांच्या कृती पाहिल्या आणि स्पर्धा झाली. कालचे प्रतिस्पर्धी एका मांडवाचे यजमान झाले, ही गोष्ट मला बक्षिसांहून मोठी वाटते. त्या वर्षी ‘फ्यूचर क्रू’च्या ‘अनरिअल’ने पीसीच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. पुढल्या वर्षी केरावा येथील मेळाव्यात त्यांनी ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ सादर केली आणि पुन्हा पहिला क्रमांक पटकावला. ज्याला सारे कारकून समजत होते त्या पीसीवर उंच इमारतींच्या शहरातून विमान झेपावताना दिसले आणि संगीताच्या ठोक्यावर दृश्ये पालटली. अंतिम आवृत्ती १९९३ च्या ऑक्टोबरात बाहेर पडली व हातोहाती जगभर पसरली.

हे कसे साधले याविषयी पुष्कळ दंतकथा निर्माण झाल्या. कुणी म्हणे, यामागे एकच अलौकिक बुद्धी आहे. वीस वर्षांनी, २०१३ साली, टोळीने मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, आणि आत दिसले ते सहकार्याचे चित्र. संपूर्ण कृती वीसहून अधिक सुट्या भागांत विभागलेली होती. काळ आणि संगीत यांचा मेळ राखणारी एक समाईक व्यवस्था करून ठेवली होती. तिच्या आधारे प्रत्येकाने आपला भाग आपापल्या घरी बसून तयार केला आणि शेवटी सारे भाग एका सूत्रात ओवले. एकाने डोंगर, दुसऱ्याने झरा, तिसऱ्याने तारा!

१९९४ नंतर टोळीचे काम थंडावले. मुले मोठी झाली होती. त्यांच्यापैकी काहींनी १९९५ साली ‘रेमेडी’ ही खेळ बनवणारी कंपनी काढली. तिचे पहिले कार्यालय एकाच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात होते. वाल्टोनेन पुढे वाद्यवृंदासाठी संगीत योजू लागला. आणि २०२० साली फिनलंडने डेमोकलेची नोंद राष्ट्राच्या जिवंत वारशाच्या सूचीत केली; पाठोपाठ २०२१ साली जर्मनीनेही तसेच केले.

त्याच वर्षांत आपल्याकडे

येथे मनात प्रश्न येतो: त्याच वर्षांत आपली मुले काय करीत होती? यंत्रे आपल्याकडे नव्हती असे सरसकट म्हणता येत नाही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ ही संगणक-साक्षरतेची योजना आखली आणि सुमारे २५० शाळांपासून तिचा आरंभ झाला. त्यासाठी निवडलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा ब्रिटिश बनावटीचा संगणक कमोडोरच्याच जातीच्या प्रोसेसरवर चाले, आणि त्याचे ठोके कमोडोरच्या दुप्पट वेगाने पडत. स्मृती निम्मी होती हे खरे. पण निव्वळ यंत्राच्या दृष्टीने आपली मुले फार मागे नव्हती.

भेद होता तो अन्यत्र. ते यंत्र शाळेच्या खोलीत होते. घंटा होताच मुलांना त्याच्यापुढून उठावे लागे आणि एकेका यंत्राभोवती अनेक डोकी. घरी संगणक आणावा तर आयात शुल्क जबर. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, मग त्याच्या तारेवरून परगावच्या मित्राला आपली कृती धाडणे कोठले? मुलाला यंत्राबरोबर रात्र मिळाली नाही, सवंगडी मिळाले नाहीत आणि दाखवावयास मांडव मिळाला नाही.

हुशारी मात्र कोंडून राहत नाही; ती कोठून तरी वाट काढतेच. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा संगणक-विषाणू लिहिला आणि त्यात आपली नावे, पत्ता व टेलिफोन क्रमांकही घातले. १९९० च्या जूनमध्ये आपल्या देशात ‘जोशी’ नावाचा विषाणू आढळला. पाच जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे लिहिल्यावाचून सोडीत नसे. हा जोशी कोण? आडनाव महाराष्ट्राबाहेरही आढळते, तेव्हा तो आपल्याच गावचा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ज्याने हे लिहिले त्याचे यंत्राचे ज्ञान सखोल होते यात शंका नाही, आणि आपला वाढदिवस कुणीतरी साजरा करावा ही त्याची हौसही कळण्याजोगी आहे. ही देखील सहीच. पण ती परक्याच्या दारावर, त्याला न विचारता खरडलेली. फिनलंडच्या मुलांना सही करावयास स्वतःची भिंत मिळाली. याला मिळाली नाही, किंवा त्याने ती शोधली नाही. हे समर्थन नव्हे. दुसऱ्याच्या कामाचा खोळंबा करणारी हुशारी दोषास पात्रच. पण तिचे मूळ कोठे आहे हे पाहिल्यावाचून नुसते रागावून काय उपयोग?

चांगले उदाहरणही आपल्या जवळच आहे. पनवेलहून बोरघाट चढून गेले की पुणे. तेथे मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामाला लागले आणि त्यांनी धाकटा भाऊ संजय याला संगणकाच्या शिक्षणाकडे वळवले. थोरल्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढता काढता धाकट्याने ते ओळखणारी व नष्ट करणारी आज्ञावली लिहिली. त्यातूनच ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. येथे यंत्र हाताशी होते, आणि धाकट्याच्या खटाटोपावर विश्वास टाकणारा थोरला भाऊ पाठीशी होता.

मांडव कोण घालणार?

‘फ्यूचर क्रू’च्या कथेतून संगणकाचा महिमा गावा असे मला वाटत नाही. आज प्रत्येक घरात यंत्र आहे, आणि बहुतेक मुले त्यावर दुसऱ्यांनी केलेलेच पाहत बसतात, ही पालकांची तक्रार खोटी नाही. यंत्र आले म्हणजे कला आली असे नव्हे. त्या फिनिश मुलांजवळ यंत्राखेरीज आणखी तीन गोष्टी होत्या: हिशेब न विचारला जाणारा मोकळा वेळ, कामाची पारख असलेले सवंगडी, आणि वर्षातून एकदा आपली कृती चारचौघांपुढे ठेवण्याची जागा. यांपैकी तिसरी गोष्ट त्यांना कुणी दिली नाही, ती त्यांनी स्वतः उभारली. पहिल्या दोन मात्र घरच्यांच्या सहनशीलतेवाचून मिळत नाहीत.

नाताळच्या गव्हाणीसाठी आपण हे सारे मुलांना देतो. जिन्याखालची जागा देतो, जुने दिवे देतो, रात्रीचा थोडा उशीर चालवून घेतो, आणि शेवटी परीक्षकांना घेऊन पाहावयास जातो. तोच मुलगा उद्या संगणकापुढे बसून स्वतः काहीतरी घडवीत असेल, तर ‘फुकटची उठाठेव’ म्हणण्याआधी त्याच्या खांद्यामागे क्षणभर उभे राहावे आणि विचारावे, “काय करतोस रे? दाखव बघू.”