कोविडकालीन निर्बंधशिथिलता आणि क्षमतामर्यादा : बेळगाव–निपाणी सीमाभाग

कोविड-१९ च्या साथीत बंद झालेली दुकाने, हॉटेले, मंगल कार्यालये, चित्रपटगृहे व कारखाने टप्प्याटप्प्याने उघडताना सरकारने घातलेल्या वेळेच्या, माणसांच्या आणि अंतराच्या अटी. बेळगाव–निपाणी भागात मे २०२० ते फेब्रुवारी २०२२ अशी सुमारे पावणेदोन वर्षे, मधल्या पूर्ण बंदीच्या काळासह, या अटींनी बाजारपेठेचे जीवन ठरवले. इथे नियम कर्नाटकाचा होता, पण गिऱ्हाइकाचा मोठा वाटा महाराष्ट्रातला. त्यामुळे दुकानात किती माणसे घ्यायची, याइतकाच ती माणसे सीमेवरून येऊ शकतात का, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

परिसर व व्यापार. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीभाषकांची मोठी वस्ती असलेला पट्टा तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला असून २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. रोजच्या व्यवहाराने मात्र ही सीमा कधी मानली नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावात येतात. निपाणीचा व्यापारी कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी घरी परततो. तंबाखू आणि बिडी हा निपाणीचा जुना धंदा. बेळगावात उद्यमबागचे कारखाने, वडगाव–शहापूरचे माग आणि खडेबाजार, गणपत गल्लीतली दाटीची दुकाने. या सगळ्यांवर एकाच आदेशाचा परिणाम वेगवेगळा झाला.

कायदेशीर आधार. केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लावली. कर्नाटकाने एप्रिल २०२० मध्ये साथरोगांसाठी स्वतंत्र अध्यादेश काढला. केंद्राने आखलेली चौकट राज्याला सैल करता येत नव्हती. राज्याने आखलेली चौकट जिल्हाधिकाऱ्यांना गरजेप्रमाणे आणखी आवळता येत होती. म्हणून निपाणीच्या दुकानदाराला दिल्ली, बेंगळुरू आणि बेळगाव अशा तीन ठिकाणच्या आदेशांकडे लक्ष ठेवावे लागे. प्रतिबंधित क्षेत्रात तर कोणतीच सवलत लागू नसे. गल्लीत रुग्ण सापडला की दुसऱ्या दिवशी बांबू लागत आणि कालपर्यंत उघडे असलेले दुकान बंद होई.

पहिली उघडणी (२०२०). बेळगाव जिल्ह्यात पहिले रुग्ण एप्रिल २०२० च्या सुरुवातीस आढळले. हिरेबागेवाडी आणि कुडची ही गावे तेव्हा चर्चेत आली. महिनाअखेरीस केंद्राने जिल्ह्याला नारिंगी, म्हणजे मध्यम जोखमीच्या वर्गात टाकले. १९ मेपासून कर्नाटकात दुकाने, केशकर्तनालये आणि बससेवा सुरू झाली. एका बसमध्ये ३० प्रवासी, रिक्षात दोन, रात्री संचारबंदी आणि रविवारी पूर्ण बंद. ८ जूनपासून हॉटेलांत बसून जेवण्यास परवानगी मिळाली. व्यायामशाळा ऑगस्टमध्ये उघडल्या, चित्रपटगृहे ऑक्टोबरमध्ये निम्म्या आसनांवर. सप्टेंबरमध्ये बेळगावचे खासदार व केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे कोविडने निधन झाले, तेव्हा बाजार उघडला म्हणजे साथ संपली नाही, हे या शहराला फार जवळून कळले.

क्षमतेची मापे. क्षमता चार तऱ्हांनी मोजली जाई.

१. डोकी : दुकानात एका वेळी पाचपेक्षा जास्त गिऱ्हाइके नकोत. लग्नाची मर्यादा सर्वांत जास्त वेळा बदलली. २०२० च्या उन्हाळ्यात ५० माणसे, जून २०२१ मध्ये घरच्या घरी ४०, जुलैत १००, जानेवारी २०२२ मध्ये उघड्यावर २०० आणि बंदिस्त जागेत १००.

२. टक्के : हॉटेल आणि चित्रपटगृहात निम्मी आसने.

३. अंतर : माणसामाणसांत सहा फूट.

४. वेळ : अमुक वाजेपर्यंतच विक्री.

ही मापे एकत्र लागू झाली की सर्वांत कडक माप जिंके, आणि फटका लहान जागेला बसे. बारा बाय अठरा फुटांच्या खानावळीत चोवीस माणसे बसत असतील, तर टक्क्यांच्या हिशेबाने बारा बसू शकतात. पण माणशी सहा बाय सहा फुटांची जागा धरली तर सहाच. दहा बाय दहाच्या कापडदुकानात ‘पाच गिऱ्हाइके’ ही सवलत कागदावरच राहते. अंतर पाळायचे तर तिघेही मावत नाहीत. ऐसपैस शोरूमला जो नियम पेलवतो तोच गल्लीतल्या दुकानाला पेलवत नाही, हा या पद्धतीतला मूळ दोष होता. त्यातून बाजाराने स्वतःची रीत काढली. दारात आडवी दोरी, दोरीबाहेर चुन्याची वर्तुळे, वर्तुळात उभे राहून मागणी सांगायची. कापडाचा तागा दोरीपर्यंत आणून दाखवायचा, पैसे ताटलीत ठेवायचे.

बिडी उद्योगाला तर हे माप लागूच पडत नव्हते. बिड्या बायका घरी वळतात. तंबाखू व पाने नेणे आणि तयार बिड्या मोजून देणे यासाठी तेवढे केंद्रावर यावे लागते. कारखान्याच्या क्षमतेचा टक्का ठरवणाऱ्या आदेशात घर हेच कामाचे ठिकाण असलेल्या या स्त्रिया बसत नाहीत. केंद्र बंद म्हणजे मजुरी बंद, एवढाच त्यांच्यासाठी नियम.

कोगनोळी नाका. पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर कोल्हापूर जिल्ह्यातले कागल सोडले की कर्नाटकातले पहिले मोठे ठिकाण म्हणजे निपाणी तालुक्यातील कोगनोळी. इथला टोलनाका साथीच्या काळात तपासणीनाका झाला. मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश थांबवला. पुढे ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर नोंदणी आणि विलगीकरण आले. ऑगस्टअखेरीस या अटी उठल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. ३१ जुलै २०२१ च्या आदेशाने लशीचे प्रमाणपत्र असले तरी अहवाल हवाच, असे ठरले. तासाभराच्या खरेदीसाठी चाचणी करून कोण येणार? दुकानाची क्षमता निम्मी ठेवली तरी ती भरायला माणूस नाक्यापलीकडेच राहिला.

दुसरी लाट. २७ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून कर्नाटकात पुन्हा बंदी आली. गरजेच्या वस्तू सकाळी ६ ते १० एवढाच वेळ. १४ जूनला राज्यातील १९ जिल्ह्यांत सवलत मिळाली, पण बेळगावसह ११ जिल्हे वगळले गेले. आठवड्यातच, २१ जूनला, बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आल्याने बेळगावही सवलतीच्या जिल्ह्यांत आले. सर्व दुकाने ५ वाजेपर्यंत, हॉटेले निम्म्या क्षमतेने.

पलीकडे महाराष्ट्राने ७ जूनपासून बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर यांवर पाच स्तर केले होते. कोल्हापूर सुरुवातीला चौथ्या स्तरात होते. तिथे फक्त अत्यावश्यक दुकाने ४ वाजेपर्यंत. म्हणजे जूनअखेर निपाणीत कापड मिळे, कागलात नाही. ऑगस्टमध्ये ताण उलट दिशेने आला. कर्नाटकाने ६ ऑगस्टपासून महाराष्ट्र व केरळलगतच्या आठ जिल्ह्यांत शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट संचारबंदी लावली. त्यात बेळगाव होते. १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रातील दुकानांना रात्री १० पर्यंत मुभा मिळाली, तेव्हा बेळगावचा शनिवार–रविवार बंदच होता. जिल्ह्याला वेगळे काढण्याचे कारण त्याचा नकाशावरचा शेजार हे होते.

निर्बंधांची अखेर. ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात निम्मी क्षमता आणि शनिवार–रविवारची संचारबंदी परत आली. २१ जानेवारीला ही संचारबंदी उठली, ३१ जानेवारीपासून हॉटेले पूर्ण क्षमतेने सुरू झाली आणि ५ फेब्रुवारीला चित्रपटगृहे व व्यायामशाळाही मोकळ्या झाल्या. महाराष्ट्राने उरलेले निर्बंध गुढीपाडव्याच्या तोंडावर, १ एप्रिल २०२२ पासून काढले.

मूल्यमापन. गर्दी कमी करणे आवश्यक होते, आणि सीमाभागातील व्यापाऱ्यांनी तोटा सोसून ती कमी केली, याची नोंद व्हायला हवी. उणिवा तीन. क्षमता ठरवताना जागेचे क्षेत्रफळ क्वचितच विचारात घेतले गेले. दोन राज्यांनी एकाच बाजारक्षेत्रासाठी वेगवेगळी मोजपट्टी वापरली. बेळगाव आणि कोल्हापूरच्या प्रशासनांनी मिळून एक वेळापत्रक केले असते, तर दोन्हीकडची गर्दी आणि नुकसान कमी झाले असते. तिसरी उणीव भाषेची. आदेश कन्नड आणि इंग्रजीत निघत. मराठी दुकानदाराला त्यातले तपशील दुसऱ्या दिवशीच्या मराठी दैनिकातून किंवा शेजाऱ्याकडून कळत. ज्या नियमावर दंड आणि जीव दोन्ही अवलंबून आहेत, तो नियम पाळणाऱ्याच्या भाषेत त्याच दिवशी त्याच्या दुकानावर लागला पाहिजे. पुढच्या साथीची तयारी करताना या भागाने मागावे असे पहिले काम तेच आहे.